अकरा घरांतला डावा डोळा

मन्मथअप्पांच्या घरी आज त्यांचा जो फोटो लावलाय, तो पाहिला की माझं डोकं फिरतं. करडा कोट, लाल टाय, मागे निळंशार तळं आणि तळ्यात दोन पांढरी बदकं. अप्पांनी उभ्या आयुष्यात कोट घातला नाही. बदक त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं असेल की नाही, याचीही मला शंका आहे. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी धडावर अप्पांचं डोकं बसवलंय, आणि ते बसवताना मान चांगली इंचभर लांब झाली आहे. "किती छान आलाय ना, बाई?" त्यांच्या सूनबाईंनी मोठ्या कौतुकानं मला विचारलं. मी "हो" म्हणाले. वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसानं दुसरं काय म्हणायचं? जेवले, सुपारी घेतली आणि चरफडत रिक्षात बसले. घरी येईपर्यंत एवढं ठरलं होतं, की निदान कागदावर तरी अप्पा बिनकोटाचे राहू देत.

अप्पा आमच्या परळीच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. मी मराठीची. मी लग्न होऊन अंबाजोगाईहून परळीत आले आणि शाळेत लागले, त्या सुमारास देशात काहीतरी मोठं खुलं झालं होतं म्हणे. आमच्यापर्यंत ते आलं ते पिवळ्या रंगाच्या एसटीडी बूथच्या रूपानं, गच्च्यांवरच्या टीव्हीच्या छत्र्यांच्या रूपानं आणि दुकानांच्या पाट्यांवर अचानक उगवलेल्या 'न्यू' आणि 'मॉडर्न' या शब्दांच्या रूपानं. अप्पांमध्ये मात्र न्यू काहीच नव्हतं. बुटकी मूर्ती, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. खिशात पेन नसायचं, कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं ब्लेड असायचं, पेन्सिलीला टोक काढायला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता ते त्याच्या जबड्याकडे नाही तर कानाच्या पाळीकडे बघायचे. आमच्या नव्या हेडमास्तरांना वाटलं, यांना कमी ऐकू येतं. त्यांनी आवाज चढवला. अप्पा शांतपणे म्हणाले, "सर, ऐकू येतंय मला. तुमचा उजवा कान डाव्यापरीस जरा वर हाय, तेवढं बघत हुतो."

वर्गात त्यांनी खोडरबरावर बंदी घातली होती. दिसलं की जप्त. वर्षाअखेर त्यांच्या टेबलाच्या खणात पसाभर रबरं निघायची. "खोडायचं कावून?" ते पोरांना विचारायचे. "चुकलेली रेघ ऱ्हाऊ द्या. तिच्या शेजारी दुसरी काढा. पयली रेघ तुमाला सांगती, कुठं घसरलात ते." हे ऐकायला फार चांगलं वाटायचं. पुढे हेच वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकलं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, ते येईलच.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती भांडणातून, आणि भांडण झालं एका शब्दावरून. दहावीच्या सराव परीक्षेत मी चार मार्कांचा प्रश्न घातला होता, 'लेखकाच्या शैलीची वैशिष्ट्ये लिहा.' शिक्षक खोलीत मी पेपर तपासत बसले होते. अप्पा शेजारी येऊन बसले, एक पेपर उचलला, वाचला. दुसरा उचलला. मग तिसरा.

"बाई, हे ओघवती म्हंजी काय?"

मी म्हटलं, "ओघवती म्हणजे सहज वाहत जाणारी."

"आन हे साधी, सोपी, ओघवती असं समद्यांनीच लिवलंय."

"मार्गदर्शकात तसंच असतं ना, अप्पा. पाठ करतात पोरं."

"मागच्या साली दुसरा लेखक हुता ना? त्याची कशी हुती?"

मी जरा घुटमळले. मागच्या वर्षीही साधी, सोपी, ओघवतीच होती.

"मंग समद्यांची सारखीच आसंल तर ती शैली कशी झाली, बाई? ती तर सरकारी धान्यावाणी झाली. आन तुमी त्याला चारातले तीन देताय!"

मला राग आला. नवी होते, त्यात खरं बोललेलं कुणाला आवडतं? मी शिक्षकी आवाज लावला आणि त्यांना सांगितलं की शैली हा शब्द शील या शब्दावरून आला आहे. शील म्हणजे स्वभाव, वागणं. माणसाच्या स्वभावातून त्याच्या कामाला जी रीत येते ती शैली.  मला वाटलं जिंकले. अप्पा ब्लेडनं पेन्सिल तासत राहिले, तासून झाल्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "हे बराबर हाय. मंग माझ्या कामात शैली येता कामा न्हाई."

हे त्यांचं काम म्हणजे शाळेबाहेरचं. अप्पा मेलेल्या माणसांची चित्रं काढायचे. वर्षश्राद्ध आलं की लोक त्यांच्याकडे यायचे. कुणाकडे लग्नातल्या घोळक्याचा फोटो असायचा, त्यात म्हातारबांचं डोकं तुरीच्या डाळीएवढं. कुणाकडे रंग उडालेला एखादा कागद. कुणाकडे तेही नाही. तेव्हा मरेपर्यंत एकदाही फोटो न निघालेली माणसं आमच्याकडे ढिगानं होती. अप्पा अशांचीही चित्रं काढायचे. घरच्या लोकांना बोलावून बसवायचे, कपाळ थोरल्याचं घ्यायचे, नाक लेकीचं, हनुवटी भावाची. फोटो असला तरी कुणातरी रक्ताच्या माणसाला समोर बसवल्याशिवाय ते ब्रश हातात घेत नसत. "फोटोत माणूस भाकरीवाणी चपटा असतो," म्हणायचे. आणि एक प्रश्न ठरलेला, "चिडल्यावर कसा दिसायचा?" हसतानाचं विचारत नसत. हसताना सगळेच गोड दिसतात, त्याचा काही उपयोग नाही, असं त्यांचं मत.

चित्राखाली त्यांनी कधी सही केली नाही. "मयताच्या अंगावर आपलं नाव घालायचं व्हय?" स्वभावातून रीत येते ना, मग चित्रात स्वभाव दिसला पाहिजे तो मेलेल्या माणसाचा, काढणाऱ्याचा दिसला तर ती चोरी, इतकं त्यांचं सरळ गणित होतं. गाणाऱ्याला ढब असावी, लिहिणाऱ्याला वळण असावं, पण मयताची तोंडं काढणाऱ्याला शैली नसावी. आपल्याला ती नाही याचा त्यांना भारी अभिमान होता. मला वाटतं, तेवढा एकच अभिमान त्यांना होता.

ते चित्रं काढायचे ती घरातली आतली खोली. परळीच्या हवेत वीज केंद्रातल्या कोळशाची राख. दोरीवरचा सदरा तासाभरात करडा व्हायचा, तर तेलाच्या ओल्या रंगाची काय कथा. सुरुवातीला दोन चित्रांवर राख बसली आणि चेहऱ्यांना देवी आल्यासारखं झालं, तेव्हापासून त्यांनी खिडकी कायमची बंद करून तिच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या. उजेड यायचा तो फक्त छतातल्या साण्यातून. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं ते भोक, त्यावर त्यांनी काच बसवली होती. बरोबर त्याच्याखाली एक तिपाई. आलेल्या माणसानं तिच्यावर बसायचं, तोंड दाराकडे करून. मी एकदोनदा पाहायला गेले होते. तिथे बसलेला माणूस आपोआप गंभीर व्हायचा.

गिऱ्हाइकं नव्या जमान्याची होत चालली होती. चौसाळ्याचा एक तरणा दुकानदार आला, बापाचं चित्र हवं म्हणून. हायवेवर त्यानं नवा बूथ टाकला होता. म्हणाला, "अप्पा, जरा स्टाईलमधी काढा. हातात फोन दावा."

"तुमच्या बापानं कदी फोन केलता का?"

"न्हाई. पर आता आपला बूथ हाय ना. गिऱ्हाईकावर इंप्रेशन पडतं."

"मेलेल्या माणसानं फोन उचललेला बघून गिऱ्हाईक थांबंल का पळंल?"

दुकानदार हसला, मीही हसले. अप्पा हसले नाहीत. ते त्याच्या जबड्याकडे बघत होते आणि मनात मापं घेत होते. चित्र झालं ते बिनफोनाचं. दुकानदारानं ते नेलं आणि बूथमध्येच लावलं.

या सगळ्यात अप्पा ज्याबद्दल आपण होऊन बोलायचे, असं चित्र एकच. किसनचं. किसन चकलांब्याचा. दरवर्षी बायकामुलांसह ऊसतोडीला कारखान्यावर यायचा, आणि एका हंगामात तिथल्या कोपीतच, म्हणजे तोडणी कामगारांच्या पाचटाच्या झोपडीत, ताप येऊन गेला. त्याचा फोटो नव्हता. त्याची बायको गयाबाई आणि दोन मुलगे वर्षानं पुन्हा तोडीला आले तेव्हा अप्पांकडे आले. चिडल्यावर कसा दिसायचा, या प्रश्नावर गयाबाईंनी बराच विचार केला. म्हणाल्या, "चिडायचेच न्हाईत. गप बसायचे आन जिमिनीकडं बघायचे." अप्पांनी थोरल्या मुलाला तिपाईवर बसवून जमिनीकडे बघायला लावलं, मग धाकट्याला. तीन आठवडे लागले. चित्र पाहिल्यावर गयाबाईंनी आधी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. नंतर रडल्या. ते चित्र पुढे दर हंगामाला ट्रकमधून त्यांच्या भांड्याकुंड्यांबरोबर यायचं, कोपीत टांगलं जायचं आणि हंगाम संपला की परत गावाला जायचं.

आता माझी चूक सांगते. जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन बीडला भरायचं ठरलं. अप्पांकडे दाखवायला काही नव्हतं. सगळी चित्रं लोकांच्या घरी. ते म्हणाले, "माझं काय न्हाई, मी येत न्हाई." मला वाईट वाटलं. इतका गुणी माणूस, आणि बीडला कुणाला नावही ठाऊक नाही! मी कंबर कसली. हेडमास्तरांकडून जीप मिळवली, दोन रविवार फिरले आणि घराघरांतून चित्रं मागून आणली. हार काढून ठेवले, काचा पुसल्या. चौसाळ्याच्या बूथमधलं आणलं. हंगाम चालू होता, म्हणून किसनचंही कोपीतून आणलं. एकूण अकरा जमली. अप्पांना सांगितलं नाही, त्यांना थेट उद्घाटनाला घेऊन गेले. त्यांना आनंद होईल असं मला वाटत होतं.

शिवाय माहितीपत्रकात मी त्यांचा परिचय लिहिला होता. कसा लिहिला, ते सांगायला आजही लाज वाटते. 'मन्मथअप्पांची शैली साधी, सोपी आणि थेट काळजाला भिडणारी आहे.' तेवढं एक ओघवती मी गाळलं होतं.

हॉलच्या एका लांब भिंतीवर अकरा चेहरे ओळीनं टांगले होते. अप्पा आत आले, आणि दारापासून चार पावलांवर थांबले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की अप्पांनी आपली दोन चित्रं शेजारी शेजारी कधी पाहिलीच नव्हती. एक वाळलं की जायचं, मग दुसऱ्याला हात लागायचा.

पाहुणे म्हणून औरंगाबादहून कला महाविद्यालयातले एक प्राध्यापक आले होते. खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी. ते त्या भिंतीपाशी आले आणि खरोखरच भारावले. "वा! हे डोळे पाहा," ते म्हणाले. "प्रत्येक चेहऱ्याचा डावा डोळा. पापणी किंचित उतरलेली, आत सावली. माणूस अर्धा इथे, अर्धा गेलेला. अकराही चित्रांत. याला म्हणतात शैली! अशी शैली कमवायला लोकांची हयात जाते हो, सर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अप्पा पहिल्या चित्रापासून अकराव्यापर्यंत चालत गेले, परत पहिल्यापाशी आले. किराणावाल्यांची आई, चौसाळ्याच्या दुकानदाराचा बाप, कारखान्याचा मुकादम, किसन. सगळ्यांचा डावा डोळा एक. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या त्या माणसांना एकच डोळा वाटून दिल्यासारखा. अप्पांचा चेहरा पाहून मी टाळ्या थांबवल्या.

 दुसऱ्या दिवशी अप्पा शाळेत आले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर ते आतल्या खोलीत स्वतःच तिपाईवर बसले होते, हातात दाढीचा आरसा.

"बसा, बाई," म्हणाले आणि उठले. मी तिपाईवर बसले. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. वर बोट केलं. साण्याच्या अलीकडे छताची जाड तुळई होती. साण्यातून येणारा उजेड तिच्यावरून उतरायचा आणि तिची सावली बसलेल्या माणसाच्या डाव्या डोळ्यावर पडायची. माझाही डावा डोळा आरशात उतरलेला दिसत होता.

"सोळा वर्सं हिथंच बसवलं समद्यांना," अप्पा म्हणाले. "राखंपायी खिडकी लावून घेतली आन डोस्कं बी लावून घेतलं. ही माझ्या घराच्या तुळईची सावली हाय, बाई. ह्याला तुमी लोक शैली म्हणताय."

मी समजूत घालायला गेले. अप्पा, लोकांना आवडलं ना? प्राध्यापक एवढे मोठे, ते काय उगाच म्हणतील? अप्पा भडकले. त्यांना भडकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "त्यांचं काय जातंय? त्यांचा बाप हाय का त्या भिंतीवर?"

आणि मग सुरू झाला तो वेडेपणा. अप्पांनी ठरवलं, अकराच नव्हे, जेवढी म्हणून चित्रं दिलीत तेवढ्यांचा डावा डोळा नीट करून द्यायचा. शाळा सुटली की रंगांची पेटी सायकलला अडकवून निघायचे. "मी तुमच्या आईचा डोळा चुकवलाय, नीट करून देतो." लोक दारातच उभे. कुणी म्हणायचं, राहू द्या की. कुणी म्हणायचं, बघू दिवाळीनंतर. चौसाळ्याच्या दुकानदारानं बूथवरून शाळेत फोन केला, "बाई, अप्पांना सांगा, बीडच्या परदर्शनात जाऊन आलेला फोटो हाय. हात लावू देणार न्हाई." एका घरानं तर अप्पांची सायकल लांबून दिसली की दाराला कडी घालायला सुरुवात केली.

गल्लीतल्या किराणावाल्यांनी मात्र भिडेखातर चित्र दिलं. अप्पांनी खिडकीतल्या चिंध्या काढल्या, अंगणातून आत आलेल्या उजेडात किराणावाल्यांच्या बहिणीला बसवून डोळा नीट केला. सुंदर केला. आठ दिवसांनी किराणावाले हात जोडून आले. "अप्पा, रागावू नका. पर आई वळखीची वाटंना. पयल्यावाणी करून द्या." अप्पांनी नाही नाही म्हटलं. शेवटी किराणावाल्यांच्या म्हाताऱ्या मावशीनं जेवण सोडलंय असं कळलं, तेव्हा त्यांनी ब्रश घेतला आणि आपलीच चूक डोळ्यांसमोर आणून, समोर कुणीही न बसवता, जशीच्या तशी परत काढून दिली.

"आता खरी शैली झाली, बाई," मला म्हणाले. "ठरवून केली."

मला रडू येईल असं वाटलं, आणि आला तो राग. मी शिक्षक खोलीत सगळ्यांदेखत त्यांना बोलले. म्हटलं, "चुकलेली रेघ राहू द्या, खोडू नका, असं पोरांना सांगता ना? मग आता तुमचं रबर तेवढं चालतं होय?" ते म्हणाले, "पोरं कागदावर चुकत्यात. मी दुसऱ्याच्या बापाच्या तोंडावर चुकलोय."  त्या वर्षात त्यांनी एकही नवं चित्र घेतलं नाही. माणसं यायची आणि परत जायची. बाजारात तोवर नवा स्टुडिओ निघाला होता, तो तासाभरात तळं-बदकांसकट फोटो द्यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "तुम्ही काढत नाही म्हणून लोकांच्या भिंतीवर काय चढतंय ते बघा तरी." त्यांनी बघितलं. "नाक तर बराबर हाय," म्हणाले.

शेवटी राहिलं किसनचं चित्र. निवृत्ती तोंडावर आली होती आणि अप्पांना रात्रंदिवस तेच लागलं होतं. "बाकीच्यांचं खरं तोंड कुठंतरी फोटोत हाय, कुणाच्या ध्यानात हाय," ते मला म्हणाले. "किसनचं फोटोत न्हाई. तेवढं एक माझ्या हातानं जगात ऱ्हायलंय, आन ते चुकीचं हाय. तेवढं एक करू द्या मला, मंग मी गप बसतो." गयाबाईंनी दोन हंगाम नकार दिला होता. तिसऱ्या खेपेला निरोप आला, या म्हणून. अप्पा म्हणाले, "बाई, तुमी बी चला. शैली शब्द तुमचा हाय." टोमणा होता तो. पण गेले.

गेवराईला एसटी बदलून दुपारी आम्ही चकलांब्यात पोचलो. त्यानंतर अप्पा मला भेटले नाहीत असं नाही. निवृत्तीच्या समारंभात भेटले, बाजारात भेटले, पण त्या भेटींतलं मला काही आठवत नाही. मला ते शेवटचे दिसतात ते तिथेच.

पत्र्याचं घर, शेणानं सारवलेलं अंगण. मुलगे कामाला गेले होते. गयाबाईंनी चहा केला. अप्पांनी किसनचं चित्र भिंतीवरून उतरवून अंगणात खाटेवर टेकवलं. डोक्यावर स्वच्छ उजेड, कुठे तुळई नाही, कुठे राख नाही. पेटी उघडली, ब्रशला रंग लावला. 

"गयाबाई, आता नीट याद करून सांगा. मालकाचा डावा डोळा कसा हुता?"

गयाबाईंनी चित्राकडे पाहिलं. मग चित्राकडे पाठ केली, डोळे मिटले. ओठ हलत होते.  बऱ्याच वेळानं त्या वळल्या.

"याद येईना, अप्पा. तुमी काढलंय त्याच्या आदीचं तोंडच याद येईना. डोळं झाकलं तरी हेच येतंय."

"म्हणून तर नीट करतो म्हणतोय," अप्पा कळवळून म्हणाले. "तुमाला त्यांचं खरं तोंड बघाया मिळंल."

"खरं कशावरून? तुमी तरी कुठं बघितलंय त्यांना?"

 मी खाली मान घालून बसले. मला खरं तर ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं.

गयाबाई जवळ आल्या. त्यांचा आवाज खाली आला. "मी या म्हणले खरं. पर आता नगं वाटतंय. मी रोज ह्यांच्याम्होरं बसते, भाकरी खाते, पोरं काय बोलली ते सांगते. तुमी डोळा बदलला की घरात नवा माणूस येईल. ह्या वयात मी परक्या माणसाम्होरं बसू व्हय?"

ब्रशवरचा रंग उन्हात चिकट होत चालला होता. अप्पा त्याच्याकडे बघत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "नका बसू."

त्यांनी ब्रश फडक्याला पुसला. पेटी बंद केली. चित्र स्वतः उचललं, आत नेलं, खिळ्याला अडकवलं, दोन पावलं मागे येऊन तिरकं झालेलं नीट केलं. मला वाटलं आता निघतील. पण ते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी चित्राला हात जोडले, घरच्या कर्त्या माणसाचा निरोप घेतात तसे.

"येतो, किसनराव."

गयाबाई दाराआड पदर सावरून उभ्या होत्या.

"या म्हणत्यात," त्या म्हणाल्या.